पाटी नसलेली खोली

राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरात, फेब्रुवारी १९१९मध्ये, गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला रंगभूमीवर आणलं. शंभराहून अधिक वर्षं आपण ते सिंधूच्या सोशिकपणाचं आणि सुधाकरच्या अधःपाताचं नाटक म्हणून वाचत आलो आहोत. गेल्या वर्षी मी ते पुन्हा हातात घेतलं ते जरा वेगळ्या कारणानं, आणि एरवी हसून पुढं जातो त्या जागेवर अडकलो. ती जागा म्हणजे तळीरामाचं आर्यमदिरामंडळ.

विनोद बाजूला ठेवून त्या मंडळाकडं पाहिलं, तर ती एक उत्तम चाललेली संस्था आहे. सभासद आहेत, बैठका आहेत, येणाऱ्याचं स्वागत आहे. सनद गमावून अपमानानं होरपळलेल्या सुधाकरला तिथं कुणी उपदेश करत नाही. पिण्यासाठी त्याच्यापाशी असं आख्खं मंडळ आहे. सोडण्यासाठी काय आहे? बायकोची भक्ती, मित्राचा उपदेश आणि स्वतःचा निश्चय. एवढ्या भांडवलावर तो एकदा सोडतोही. पण बाहेरच्या जगात काम मागायला जातो, अपमान पदरी पडतो आणि पुन्हा प्याल्याकडं वळतो. त्या मंडळातून बाहेर पडून सावरलेला माणूस नाटकात आहे, तो भगीरथ. पण भगीरथाचं सावरणं सुधाकरच्या उपयोगी पडू शकेल, ही वाट नाटक धरत नाही. 

पुन्हा वाचण्याचं कारण घरातलं होतं. माझा मावसभाऊ नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत फिटर आहे. तीन वर्षांत तो दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. दोन्ही वेळा चेहऱ्यावर तेज घेऊन आला आणि दोन्ही वेळा दीड-दोन महिन्यांत पुन्हा सुरू झालं. तिसऱ्या खेपेला त्याला आणायला निघालो तेव्हा रिक्षात वहिनी म्हणाली, “भाऊजी, आत ते चांगलेच असतात हो. मला बाहेरचं सांगा. सोमवारी तीन वाजता फर्स्ट शिफ्ट सुटेल, तेव्हा ते कुठं जातील?”

हा प्रश्न भूगोलाचा होता. कारखान्याच्या फाटकापासून सिडकोतल्या त्याच्या घरापर्यंतचा रस्ता मी एकदा मुद्दाम चालत गेलो. दोन देशी दारूची दुकानं, चार परमिट रूम, एक वाइन शॉप. सगळ्यांवर पाट्या, संध्याकाळी दिव्यांच्या. (महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि कागदोपत्री पिणाऱ्याकडं परवाना लागतो, हे त्या रस्त्यावर उभं राहून कुणाला सांगून पाहा.) शिवाय हे नाशिक. द्राक्षाचं गाव होतंच. १९९९मध्ये सुला उभी राहिल्यापासून वाइनचं गाव म्हणून मिरवू लागलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्या बागांवर पुष्कळ घरं चालतात. पण जिथं पाहुण्याला रामकुंडाइतक्याच कौतुकानं वायनरी दाखवली जाते, तिथं न पिणाऱ्यानं संध्याकाळी बसायचं कुठं, याचं उत्तर देणारी एकही पाटी त्या रस्त्यावर मला सापडली नाही.

तसा गट असतो, हे ऐकून माहीत होतं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे सगळे म्हणतात ते ‘एए’. मग त्याची पाटी का नसते? शोध घेताना कळलं की हा गलथानपणा नाही, तो त्यांचा नियमच आहे, आणि तो समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं.

मे १९३५. अमेरिकेत ओहायो राज्यातलं ॲक्रन हे गाव. न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअर दलाल तिथं एका व्यवहारासाठी आला होता. व्यवहार फसला. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. हॉटेलच्या दिवाणखान्यात एका बाजूला बारमधला हसण्या-बोलण्याचा आवाज, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्या पाच महिन्यांत त्यानं बऱ्याच दारुड्यांना सुधारायचा प्रयत्न केला होता, त्यातला एकही सुधारला नव्हता. पण त्यांच्याशी बोलत असताना आपण स्वतः प्यालो नाही, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. म्हणून त्यानं चर्चच्या यादीतून एका धर्मगुरूला फोन लावला आणि विचारलं, या गावात माझ्यासारखा कुणी आहे का? त्या फोनमधून धागा निघत निघत तो डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकापाशी पोचला. डॉक्टर पाव तास बोलायला तयार झाले होते. बोलणं कित्येक तास चाललं. १० जून १९३५ला डॉ. बॉबनी शेवटचा घोट घेतला, आणि ती तारीख एएचा जन्मदिवस मानली जाते.

यात उपकार कुणी कुणावर केला, हे सांगता येत नाही. मला हा सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. बिल मदत द्यायला गेला नव्हता, मागायला गेला होता. डॉ. बॉबना तोवर ज्यांनी ज्यांनी समजावलं ते सारे न पिणारे होते. हा पहिला माणूस असा की ज्यानं उपदेश केला नाही, स्वतःची हकिगत सांगितली.

पुढं १९३९मध्ये त्यांचं पुस्तक आणि त्यातल्या बारा पायऱ्या आल्या, १९५०मध्ये गटांनी कसं वागावं याच्या बारा परंपरा मान्य झाल्या. पायऱ्यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला परंपरा जास्त विलक्षण वाटतात. सभासद होण्याची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. फी नाही. बाहेरची देणगी घ्यायची नाही. मीटिंगमध्ये फिरणाऱ्या डब्यात सभासद टाकतील त्यावर खोलीचं भाडं आणि चहा. मालमत्तेच्या भानगडीत पडायचं नाही. राजकारण, धर्म, दारूबंदी, कशावरही मत द्यायचं नाही. वर्तमानपत्रात नाव-फोटो नाही, जाहिरात नाही. आपल्याकडं कुठलीही चळवळ दहा वर्षांत अध्यक्षपदावरून, वीस वर्षांत जमिनीवरून फुटते. या लोकांनी भांडण्यासारखं काही शिल्लकच ठेवलं नाही. त्याची किंमत म्हणजे ती पाटी. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी तास-दीड तास भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या वर्गावर कुणी पाटी लावत नाही, आणि ज्याला ओळखलं जाण्याची भीती आहे तो दिव्याच्या पाटीखालून आत जाणारही नाही.

भारतात एए आली १९५७ साली आणि मुंबईत रुजली. भारतातलं तिचं मध्यवर्ती कार्यालयही मुंबईतच आहे. त्याच मुंबईत १९८१ साली फादर जो परेरा यांनी बांद्र्याला कृपा फाउंडेशन सुरू केलं. ते स्वतः व्यसनातून बाहेर आलेले आणि बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, त्यामुळं तिथं बारा पायऱ्यांना योगासनांची जोड मिळाली. पुण्यातलं मुक्तांगण या अंकाच्या वाचकांना नव्यानं सांगायला नको. गर्दवरचे अनिल अवचटांचे लेख, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाईंनी पुढं केलेला हात, आणि २९ ऑगस्ट १९८६ला डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारानं उभं राहिलेलं केंद्र. मुक्तांगणची मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की व्यसनातून बरा झालेला माणूस तिथं रुग्णांच्या यादीतून निघून कार्यकर्त्यांच्या यादीत आला, आणि केंद्रातून घरी गेल्यानंतरच्या पाठपुराव्याला उपचाराइतकंच वजन मिळालं. बायकांचा ‘सहचरी’ गटही तिथलाच. म्हणजे ॲक्रनचं सूत्र तिथं मराठी घरात आलं, भाकरीच्या चवीचं झालं.

पण मुक्तांगण पुण्यात आहे आणि माझा भाऊ अंबडला. दिल्लीच्या एम्समधल्या केंद्रानं देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९मध्ये आला. त्यानुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या दर ३८ जणांमागं एकाला कुठली तरी मदत मिळते. भरती होऊन उपचार मिळालेला १८०मध्ये एक. माझा भाऊ तीनदा त्या एकात होता. त्याला केंद्र मिळालं होतं, सोमवारची दुपार मिळत नव्हती.

नाशिकमध्ये मी शोधलं ते असं. एएच्या मुंबई कार्यालयाकडून गावोगावच्या गटांची माहिती मिळते. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, मानसिक आरोग्यासाठी १४४१६ आहे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारता येतं. आणि अगदी जुनी रीत, म्हणजे चर्चच्या आवारात जाऊन रखवालदाराला विचारणं, तीही वाया जात नाही. कारण जगभर या मीटिंगा चर्चच्या नाही तर शाळेच्या खोल्यांत भरतात. म्हणून हे ख्रिस्ती प्रकरण आहे असं कुणी समजू नये, जशी लग्नाच्या हॉलमध्ये भरलेली सोसायटीची सभा म्हणजे लग्न नव्हे. फोनवर विचारायच्या गोष्टी साध्या आहेत. वार आणि वेळ कोणती, बोलणं मराठीत होतं की हिंदीत, आणि मीटिंग ‘ओपन’ आहे की ‘क्लोज’. ओपनला घरचे, मित्र, कुणीही बसू शकतात; क्लोज फक्त पिणाऱ्यांसाठी. गटानं पैसे मागितले, औषध विकलं, नावगाव लिहून घ्यायचा आग्रह धरला, तर तो एए नव्हे.

एवढं सगळं मी एका कागदावर लिहून भावाला दिलं. कागद शर्टाच्या खिशात गेला आणि शर्ट धुण्यात.

यावर कुणी संशोधन केलं असेल का म्हणून शोधलं, तर होतं. १९८१ साली अमेरिकेत वीस रुग्णांवर एक लहानसा प्रयोग झाला. दहा जणांना मीटिंगचा पत्ता, वेळ, माहिती देऊन जायला सांगितलं. उरलेल्या दहा जणांसाठी समुपदेशकानं त्यांच्यासमोरच एएच्या एका सभासदाला फोन लावला, त्यांचं बोलणं करून दिलं, आणि तो सभासद मीटिंगच्या दिवशी त्यांना सोबत घेऊन जाईल असं ठरवून दिलं. दुसऱ्या गटातले दहाच्या दहा गेले. पहिल्या गटातला एकही गेला नाही. वीस माणसांवरून जगाचा नियम काढू नये हे खरं. पण खिशातल्या कागदाचं काय होतं, हे मला पाहायला मिळालं होतं.

मग आम्हीही तेच केलं. मुंबईहून मिळालेल्या धाग्यानं एका गृहस्थांशी बोलणं झालं. नाव सांगणार नाही, सांगितलं तर त्यांना आवडणार नाही. त्यांनी मला फार काही विचारलं नाही, म्हणाले, “फोन त्यांच्याकडं द्या.” भाऊ ‘हो’, ‘हं’ एवढंच बोलत होता. शेवटी मात्र त्यानं विचारलं, “तुम्ही किती घ्यायचा?” पलीकडून काय उत्तर आलं मला ऐकू आलं नाही, पण भाऊ कित्येक महिन्यांनी हसला. सोमवारी तीन वाजता ते गृहस्थ स्कूटर घेऊन फाटकावर उभे होते.

मी एका ओपन मीटिंगला मागच्या बाकावर बसलो. तिथं कोण काय बोललं ते तिथंच ठेवायचं असतं, म्हणून बाहेरचं तेवढं सांगतो. लहान मुलांच्या शाळेचा वर्ग, बाक ठेंगणे, त्यामुळं मोठमोठी माणसं गुडघे वर करून बसलेली. प्रत्येक जण आपलं नाव सांगून ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणतो आणि बोलायला लागतो. मध्ये कुणी बोलत नाही. बोलून झाल्यावर सल्लाही देत नाही. आपल्या समाजात दोन मिनिटं सल्ल्याशिवाय बोलू देणारी दुसरी जागा मला माहीत नाही. आयुष्यभराचं वचन मागत नाहीत, फक्त आजच्या दिवसाचं बोलतात. त्यात ईश्वराचा उल्लेख येतो, प्रत्येकाला समजलेल्या ईश्वराचा. नास्तिक मित्रांना हे खुपतं आणि त्यांचं खुपणं खोटं नाही. ‘दारूपुढं मी हतबल आहे’ ही पहिली पायरीही बऱ्याच स्त्रियांना टोचते. हतबलता त्यांना नव्यानं शिकायची नसते. मी पाहिलेल्या खोलीत एकही बाई नव्हती, ही उणीव लहान नाही.

इथं मला वारकऱ्यांची माळ आठवत राहिली. त्र्यंबकेश्वर जवळ, निवृत्तिनाथांची पौषातली यात्रा डोळ्यांसमोरची. आमच्या भागात माळ घालून दारू सुटलेली घरं मी लहानपणापासून पाहिली. माळ म्हणजेही चारचौघांसमोर दिलेला शब्द, भजनाची ठरलेली संध्याकाळ, सोबत चालणारी दिंडी. एएला जे नव्यानं शोधावं लागलं त्यातलं बरंच आपल्याकडं होतंच. फरक पडतो तो घसरल्यावर. माळ घातलेला माणूस पुन्हा प्यायला की तो लाजेनं माळ काढून ठेवतो आणि भजनाला तोंड दाखवत नाही. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच सोबत सुटते. त्या वर्गात मात्र बाकावरचा एक जण उठून म्हणाला की काल मी प्यालो, आज पहिला दिवस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला क्षणभर ते विचित्र वाटलं. ज्या माणसाला घरी तोंड दाखवायला जागा उरलेली नाही, तो तिथं येऊन खरं बोलला, टाळ्या त्याला होत्या.

याचा उपयोग किती होतो? २००६मध्ये कॉक्रेन या नामांकित समीक्षेनं ठोस पुरावा नाही असं म्हटलं होतं. २०२०मध्ये त्यांनीच २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती घेऊन पुन्हा पाहिलं. रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणाऱ्या उपचारानंतर वर्षभरानं शंभरात ४२ जण पूर्ण कोरडे होते, इतर मान्यताप्राप्त उपचारांनंतर ३५. सातांचा फरक. चमत्कार नव्हे, पण चहाच्या खर्चात होणाऱ्या गोष्टीसाठी थोडाही नव्हे. उरलेल्या ५८ जणांचं काय, हे विसरून कुणाला ‘एकदा मीटिंगला पाठवा, सुटेल’ असं सांगू नये.

दोन गोष्टी मात्र गटाच्या आधी येतात. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं. हात थरथरणं, घाम यापासून सुरुवात होऊन पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम. ‘निश्चय केलाय ना, मग कळ काढ’ म्हणून घरात कोंडणं धोक्याचं आहे, आधी डॉक्टर. दुसरी गोष्ट, ‘न सांगता जेवणातून द्या’ अशा जाहिरातींची. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम हे खरंखुरं औषध आहे, पण ते घेऊन वर दारू प्याली की रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर ताण येतो. म्हणून ते रुग्णाला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. आमटीत काय मिसळतो आहोत हे मिसळणाऱ्यालाही माहीत नसेल, तर काय होईल? आणि ज्या केंद्रात माणसाला साखळीनं बांधतात तिथून त्याला आधी बाहेर काढा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ते सरळ निषिद्ध आहे आणि व्यसनी माणूसही त्या कायद्याच्या छत्राखाली येतो.

वहिनीसाठी वेगळी खोली आहे, हे मला सर्वांत उशिरा कळलं. बिल विल्सनची बायको लोइस हिनं १९५१ साली अल-अ‍ॅनॉन सुरू केलं, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी. नवरे आत मीटिंगला बसलेले, बाहेर ताटकळणाऱ्या बायका आपापसांत बोलू लागल्या, असा त्याचा उगम. हे आजारपण तू आणलेलं नाहीस, तुझ्या ताब्यात नाही, तुझ्यानं बरं होणार नाही, एवढं ऐकायला तिथं जायचं. सिंधूला हे कुणी सांगितलं असतं तर गडकऱ्यांचं नाटक मोडलं असतं. वहिनी पहिल्यांदा जाऊन आली आणि म्हणाली, “भाऊजी, सगळ्याजणी बाटलीवर पेनानं खूण करून ठेवतात. मला वाटायचं मीच.”

भावाला हे लिहिताना सात महिने झाले आहेत. मधे एकदा घसरला, दुसऱ्या दिवशी गेला. गेल्या आठवड्यात त्यानं विचारलं, लक्ष्मीपूजनाला कारखान्यात पूजा असते, मग मित्रांचं ‘बसणं’ ठरलेलं, त्या दिवशी मीटिंग असते का? मी स्कूटरवाल्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, “असते तर. सणाच्या दिवशी अर्धा तास आधी उघडतो. त्यांना म्हणावं, फराळाचं काही आणू नका, गेल्या वर्षीच्या चकल्या पाडव्यापर्यंत संपल्या नव्हत्या.”